दोन देश गेले, एक आला

१

मोरोक्को जागेवर नव्हता.

शाळेच्या हॉलमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी ताणली होती. कालपर्यंत तिच्यावर सगळे देश शहाण्या पोरांसारखे ओळीने लटकत होते. इटली, स्वीडन, जॉर्जिया, अझरबैजान आणि मधोमध नववी ब चा लालभडक मोरोक्को, त्यावर हिरवी चांदणी. ती चांदणी शिवताना राजनंदिनीने इतक्या वेळा बोटात सुई घुसवून घेतली होती, की तो देश जवळजवळ तिच्या रक्ताचाच होता. आणि आता त्या जागी भलताच झेंडा! आकाशी रंगाचा, मधे पिवळाधमक सूर्य आणि सूर्याखाली पंख पसरलेला गरुड.

"नंदे," मागून क्रांतीचा आवाज आला, "झेंडा राहू दे. डफ न्हाई गं."

राजनंदिनी गर्रकन वळली. दोरीखाली प्रत्येक देशाचं एक टेबल मांडलं होतं. कुणाच्या टेबलावर गिटार, कुणाच्या टेबलावर घागरे आणि टोप्या. मोरोक्कोचं टेबल मात्र लख्ख रिकामं. आणि पलीकडचं ऑस्ट्रेलियाचंही! पाचवीच्या पोरांनी पुठ्ठ्याचा माणसाएवढा कांगारू केला होता, तो आणि त्यांचा झेंडा, दोन्ही गायब.

क्रांती टेबलाखाली वाकून बघत होती, जणू डफ लाजून खाली जाऊन बसला असावा. "मामाचा डफ हाय तो. मामा कुणाला हात लावू देत न्हाई त्याला. मला कसा दिला माझं मला म्हाईत."

हे सगळं सुरू केलं होतं संगीताच्या श्रुती मॅडमनी. दरवर्षी मे महिन्यात मॅडम लॅपटॉपपुढे ठाण मांडून युरोव्हिजन बघतात. देशादेशांची गाण्याची स्पर्धा. तेच त्यांनी यंदाच्या स्नेहसंमेलनात आणायचं ठरवलं. प्रत्येक वर्गाने एक देश घ्यायचा, त्या देशाच्या रंगाचं मराठी गाणं स्वतः रचायचं आणि गायचं. अट एकच, तो देश खऱ्या स्पर्धेत जायला पात्र पाहिजे. नववी ब ने मोरोक्को घेतला, कारण तिकडे हुबेहूब आपल्या डफासारखं वाद्य वाजवतात. पाचवीने ऑस्ट्रेलिया घेतला, कारण कांगारू. दोघांनाही मॅडमनी मान हलवून 'चालेल' म्हटलं होतं.

आणि आज दुपारी कार्यक्रम!

गडबड ऐकून मोठ्या बाई आल्या. मुख्याध्यापिका असल्या तरी सगळी शाळा त्यांना मोठ्या बाईच म्हणते. त्यांनी दोन रिकामी टेबलं बघितली आणि एकच शब्द उच्चारला.

"चोरी!"

तो शब्द हॉलभर घुमला. किल्ल्या घेऊन दारात उभे असलेले क्रीडाशिक्षक हंबीरराव सर दचकले. एरवी सरांची एक हाक मैदानाच्या त्या टोकाला बॉल थांबवते. आज ते हळूच म्हणाले, "कुलूप तर शाबूत हाय, बाई."

"शाबूत असणारच. हॉलची दुसरी किल्ली ऑफिसात खिळ्याला टांगलेली असते, कुणीही घेतं." बाईंनी चष्मा काढला. "दुपारपर्यंत वस्तू मिळाल्या नाहीत तर हे दोन वर्ग वगळून कार्यक्रम होईल. पाहुण्यांसमोर गोंधळ नकोय मला."

क्रांती भिंतीला टेकली. राजनंदिनीला तिचं सगळं ठाऊक होतं. क्रांतीचा आवाज जाड, भरदार. भावगीताच्या स्पर्धेत ती दरवर्षी वर्गातल्या वर्गातच बाद व्हायची. 'मुलीसारखं गा' म्हणून सांगितलं, की तिचा गळाच मिटायचा. यंदा मामाचा डफ हातात आला आणि तो आवाज असा काही उघडला, की शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीला लटकली. आज ती पहिल्यांदा स्टेजवर जाणार होती. तिचा मामा, जोतीराम शाहीर, गडमुडशिंगीहून खास ऐकायला येणार होता.

"दुसरा डफ आणू की कुठनं तरी," राजनंदिनी म्हणाली.

"आणि मामाला काय सांगू? तुझा हरवला, म्हणून दुसऱ्याचा वाजवतो? मी न्हाई जात स्टेजवर."

"जाणार. मी शोधतो."

मागच्या वर्षापर्यंत वर्गात हजेरी देतानाही राजनंदिनीचा आवाज फुटत नव्हता. मग स्टँडवरच्या सायकलींची हवा कोण सोडतं, ते तिने शोधून काढलं, आणि तेव्हापासून तिला स्वतःच्या डोक्याचा लळाच लागला होता. तिने दोरीकडे पुन्हा बघितलं. एक गोष्ट तिला खुपायला लागली होती.

चोर नेतो. हा चोर एक देश देऊन गेला होता!

२

"गरुडवाला झेंडा कझाकस्तानचा," श्रुती मॅडमनी सांगितलं. "आठवी ब ने मागितला होता. मी नाही म्हटलं. खऱ्या स्पर्धेत तो अजून उतरलेला नाही आणि आजच्या नियमांत बसतही नाही. मग ते रुसले, दुसरा देशच घेतला नाही."

"आणि मोरोक्को बसतो?"

"अगदी व्यवस्थित. एकदा गाऊनही गेलाय." पुढे सांगायला मॅडमना वेळ नव्हता. माइक कुई करून किंचाळला आणि त्या तिकडे धावल्या.

राजनंदिनीच्या डोक्यात पहिलं नाव होतं भूगोलाच्या प्रसेनजीत सरांचं. ज्या दिवशी देश ठरले त्या दिवशी सर स्टाफरूममध्ये इतके तावातावाने बोलले होते, की बाहेर व्हरांड्यात ऐकू आलं. युरोपच्या स्पर्धेत आफ्रिका कशी आणि ऑस्ट्रेलिया कशी, आम्ही वर्गात काय शिकवायचं मग?

सर वह्या तपासत होते. क्रांती दाराशीच थांबली, राजनंदिनी थेट टेबलापाशी गेली.

"सर, एक विचारू का? रागावणार नसाल तर."

"म्हणजे रागावण्यासारखंच आहे. विचार."

"मोरोक्को आणि ऑस्ट्रेलिया तुम्ही काढलेत का?"

क्रांतीने डोळे गच्च मिटले. सरांनी पेनाचं टोपण लावलं आणि चक्क हसले.

"काढायचंच असतं तर मी दोनावर थांबलो असतो का गं? त्या दोरीवर अझरबैजान आहे, आर्मेनिया आहे, जॉर्जिया आहे. कॉकेशस पर्वताच्या पलीकडचे. माझ्या नकाशात ते आशियात. मी हात घातला असता तर निम्मी दोरी मोकळी झाली असती!"

"आणि कझाकस्तान?"

"तो कुणी लावलाय? मध्य आशिया आहे तो. एक चिंचोळी पट्टी काय ती युरोपात. मोरोक्को काढून कझाकस्तान लावणारा माणूस भूगोलात नापास आहे, लिहून घे."

राजनंदिनीने लिहून घेतलं नाही, पण वाक्य डोक्यात पक्कं बसवलं. भूगोलात नापास. म्हणजे नकाशा बघून हे काम झालेलं नव्हतं.

बाहेर आल्यावर क्रांती म्हणाली, "नकाशा बघून न्हाई, तर मग राग बघून. मोना."

३

मोना नववी अ ची. गळा गोड, क्लास लावलेला, तीन वर्षं पहिला नंबर. यंदा तिचा देश अझरबैजान. ती आरशापुढे टिकल्यांच्या ओढणीशी झगडत होती.

"आलात? मला वाटलंच होतं," आरशातच बघत ती म्हणाली. "सगळ्यांना वाटतंय मीच केलं. क्रांतीला घाबरून."

"घाबरलीयेस का?" राजनंदिनीने विचारलं.

मोना ओढणी खाली टाकून वळली. "हो. परवा तालमीत हिला ऐकलं आणि घरी जाऊन जेवले नाही मी. बास? पण मी घाबरले ती क्रांतीला. पाचवीच्या चिल्ल्यापिल्ल्यांना कशाला घाबरू? ती गाताना एकमेकांच्या पायावर उड्या मारतात. त्यांचा कांगारू मी का पळवीन?"

क्रांतीच्या चेहऱ्यावर, एवढ्या संकटातसुद्धा, हसू फुटलं. मोना आपल्याला घाबरते!

"आणि ऐका," मोना पुढे म्हणाली, "एक देश वाढवीन कशाला? मला स्पर्धक कमी हवेत की जास्त?"

बरोबर होतं. राजनंदिनीने मान डोलावली. "काल हॉलमधनं शेवटी कोण बाहेर पडलं?"

"मीच. माइक बघायला थांबले होते. तेव्हा सगळे झेंडे होते. हंबीरराव सर कुलूप लावायला उभे होते, मला म्हणाले, 'चल बाळ, घरी पळ.'"

"आणि तो कझाकस्तानचा झेंडा?"

"तो आठवी ब च्या पोरांनी रागाने मैदानाच्या कडेला फेकला होता. कितीतरी दिवस तिथेच पडलेला. धूळ खात."

राजनंदिनीने क्रांतीचा हात धरला आणि दोघी मैदानाकडे सुटल्या. कारण दोरीवरच्या त्या झेंड्यावर धुळीचा कणही नव्हता. कुणीतरी तो उचलून, धुऊन, वाळवून मग लावला होता.

४

कोल्हापुरात मैदान म्हणजे फुटबॉल. पेठापेठांचे संघ, त्यांचे जर्सीचे रंग, मॅच असली की निम्मं गाव स्टेडियमच्या पायऱ्यांवर. संमेलनाचा दिवस असला म्हणून आठवी ब ची पोरं काही हॉलमध्ये बसणार नव्हती. ऋतुराज गोलपोस्टमध्ये उभा होता. वर्गाचा पुढारी आणि कझाकस्तानचा पहिला नागरिक.

"ए कझाकस्तान!" राजनंदिनीने हाक मारली. "झेंडा तूच लावलास न्हवं?"

"आयला, खरंच लावलाय व्हय?" ऋतुराजचे डोळे चमकले, आणि मागून आलेला बॉल सरळ जाळ्यात गेला. पोरांनी त्याच्या नावाने बोंब ठोकली. "गप रे! आक्का, शप्पत, आम्ही न्हाई. लावून करू काय? गाणंच बसवलेलं न्हाई आम्ही. स्टेजवर जाऊन शिट्टी मारू?"

"मग तुमच्या बाजूनं कोण हाय?"

"आमच्या बाजूनं समदं मैदान हाय! श्रुती मॅडम म्हणाल्या कझाकस्तान बसत न्हाई. कसा बसत न्हाई? वर्ल्ड कपच्या क्वालिफायरला युरोपच्या गटातनं खेळतोय की त्यो! मोठमोठ्या टीमच्या मांडीला मांडी लावून. आणि ऑस्ट्रेलिया कुठनं खेळतोय? आशियातनं!"

"आणि मोरोक्को?" राजनंदिनीचा आवाज एकदम बारीक झाला.

"आफ्रिकेतनं. ह्ये काय विचारणं झालं?"

"जॉर्जिया? आर्मेनिया? अझरबैजान?"

"युरोप, युरोप, युरोप. आक्का, तू फुटबॉल बघत न्हाईस का काय?"

राजनंदिनी जागच्या जागी उभी राहिली. बॉल तिच्या पायाला लागून गेला, तरी तिला कळलं नाही. दोरीवरचा एकेक देश तिच्या डोळ्यांपुढून सरकत होता. राहिलेले सगळे एका बाजूला. गेलेले दोन दुसऱ्या बाजूला. आलेला एक, अगदी बरोबर जागी.

"ऋत्या, ह्ये तुम्हाला कुणी शिकवलं रे?"

ऋतुराजने मैदानापलीकडे बघितलं. "कुणी म्हणजे?"

त्याने नाव सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

"कळलं मला," राजनंदिनी क्रांतीला म्हणाली, "चोर कोण, ते न्हवं. हितं चोरच न्हाई."

५

जेवणाच्या सुट्टीत तिने सगळ्यांना हॉलमध्ये जमवलं. मोठ्या बाई, श्रुती मॅडम, प्रसेनजीत सर, मोना, ऋतुराज. हंबीरराव सर किल्ल्यांचा जुडगा चाळवत कोपऱ्यात उभे होते. मागच्या वर्षीच्या राजनंदिनीला एवढ्या माणसांपुढे बोलायचं म्हटलं असतं तर ताप भरला असता. आजच्या राजनंदिनीने घसा साफ केला.

"आपण सकाळपासनं विचारतोय, हे कुणाला नको होतं. मी उलटं विचारलं. दोन देश काढायचे आणि एक लावायचा, हे कुणाला बरोबर वाटेल? श्रुती मॅडमना नियम ठाऊक आहे, त्या कशालाच हात लावणार नाहीत. प्रसेनजीत सरांच्या नकाशाप्रमाणे अजून तीन देश जायला हवे होते आणि कझाकस्तान तर यायलाच नको होता. मोनाला एक स्पर्धक वाढवून काय मिळणार? आणि ऋतुराजकडे गाणंच नाही."

"म्हणजे कुणीच नाही," मोठ्या बाई म्हणाल्या.

"थांबा की, बाई." हे तोंडातून गेल्यावर राजनंदिनीने जीभ चावली, पण गाडी आता उतारावर होती. "नियम नव्हे, नकाशा नव्हे. आणखी एक हिशोब आहे. आपल्या गावात देश म्हटला की डोळ्यापुढं काय येतं? नकाशा येतो का? जर्सी येते! फुटबॉलमधे कुठला देश कुठनं खेळतो बघा. जॉर्जिया, आर्मेनिया, अझरबैजान युरोपातनं. ते राहिले. मोरोक्को आफ्रिकेतनं, ऑस्ट्रेलिया आशियातनं. ते गेले. कझाकस्तान युरोपातनं. तो आला! एकही चूक नाही. ज्यानं हे केलं त्यानं काहीच चोरलेलं नाही. अपात्र वाटले ते दोघं मैदानाबाहेर काढले आणि अन्याय झाला वाटला त्याला आत घेतलं. ही चोरी नाही, बाई. हे पंचाचं काम आहे."

राजनंदिनीने मुद्दाम कुणाकडेच बघितलं नाही.

किल्ल्यांचा आवाज थांबला.

"मीच," हंबीरराव सर म्हणाले. मैदान दणाणून सोडणारे हे गृहस्थ आता कापसात बोलल्यासारखे बोलत होते. "मीच काढलं, बाई. मला वाटलं, मॅडमची नजरचूक झालीया. गाण्यातलं माणूस, संघ कुठला कुठं हाय ह्ये त्यास्नी कसं कळायचं? दुपारी पाव्हणं येनार, ऑस्ट्रेलिया बघून शाळेला हसनार. म्हटलं गुपचूप नीट करून ठेवावं, पोरांचा झेंडाबी धुऊन लावावा. सकाळी मॅडमना सांगनारच हुतो. तेवढ्यात तुम्ही म्हणाला 'चोरी', आणि माझी जीभच उचलंना."

"पण सर, गाणं आहे हे!" श्रुती मॅडमनी कपाळाला हात लावला. "इथे देश कुठल्या खंडात आहे, कुठून खेळतो, काहीच बघत नाहीत. त्या देशाचं रेडिओ-टीव्ही केंद्र युरोपातल्या प्रसारकांच्या संघात आहे का, ते बघतात. भूमध्य समुद्राच्या पलीकडचेही काही देश त्या संघात आहेत. मोरोक्को त्यातलाच. आणि ऑस्ट्रेलियाला खास बोलावणं असतं. तिथली माणसं वर्षानुवर्षं ती स्पर्धा प्रेमाने बघत आली, म्हणून."

"म्हणजे नकाशा चुकला नाही?" प्रसेनजीत सरांनी आशेने विचारलं.

"नकाशाला कुणी विचारलंच नाही."

"बरं झालं," सर म्हणाले, आणि सगळ्यांत आधी तेच हसले. मग मोना, मग मोठ्या बाईसुद्धा, चष्म्याआडून.

क्रांती मात्र हसली नाही. "सर, डफ कुठाय?"

६

डफ क्रीडा खोलीत होता, फुटबॉलच्या जाळीत, चार बॉलांच्या मधे. गोल वस्तू हंबीरराव सर दुसरीकडे कुठे ठेवणार? शेजारी कांगारू मॅटवर आडवा झोपला होता, अंगावर दोन्ही झेंडे पांघरून.

क्रांतीने डफ काढला, छातीशी धरला आणि थाप मारली.

थप्प.

ओल्या पोत्यावर काठी बसावी तसा आवाज. रात्रभर त्या सर्द खोलीत राहून कातडं सैल पडलं होतं. क्रांतीने पुन्हा थाप मारली. पुन्हा तेच. तिचा चेहरा असा उतरला, की राजनंदिनीला सगळं शोधल्याचा आनंदच विसरायला झाला. तिकडे हॉलमधून पहिल्या देशाचं नाव पुकारल्याचा आवाज आला.

"काय चाललंय रं पोरांनो?"

दारात पटका बांधलेला, उंच, मिशाळ माणूस उभा होता. जोतीराम शाहीर. हंबीरराव सर पुढे झाले, हात जोडले. "पावणं, चूक माझी हाय. तिला बोलू नका. ह्यो डफ मी हितं आणून टाकला."

शाहिरांनी डफ हातात घेतला, कातड्यावर अंगठा फिरवला. मग सरांकडे खालपासून वरपर्यंत बघितलं.

"गोलकीपर व्हता का तुम्ही कधी?"

"व्हय की. पेठेच्या संघात."

"मग हात भाजंल म्हणून मागं सरायचा न्हाई. चला, कागद पेटवा, कातडं शेकून ताणू."

हॉलच्या मागे, भिंतीच्या आडोशाला, रद्दीचा जाळ झाला. हंबीरराव सरांनी दोन्ही हातांनी डफ जाळावर धरला. शाहीर 'फिरवा, फिरवा, एका जागी नगं' म्हणत होते, सर घामाघूम होऊन फिरवत होते. ऋतुराज आणि त्याची अख्खी टीम रद्दी पुरवत होती. मधेच शाहीर टिचकी मारून कानाने चाचपायचे आणि मान हलवायचे. अजून. अजून जरा.

"आक्का," ऋतुराजने राजनंदिनीला कोपराने ढोसलं, "ऑस्ट्रेलियाला बोलावणं हाय, मग आम्हाला का न्हाई?"

राजनंदिनीने श्रुती मॅडमकडे बघितलं. क्रांतीचा नंबर आला म्हणून सांगायला मॅडम धावत बाहेर आल्या होत्या.

"पुढच्या वर्षी," मॅडम धापा टाकत म्हणाल्या, "शाळेतर्फे कझाकस्तानला खास आमंत्रण. गाणं बसवलंत तर. आता चला!"

शाहिरांनी शेवटची टिचकी मारली. टण्ण! भिंतीवरची कबुतरं उडाली.

क्रांतीने गरम डफ घेतला आणि स्टेजच्या पायऱ्यांपाशी येऊन थबकली. वर दिव्यांचा झगमगाट, खाली खचाखच भरलेला हॉल. "नंदे," ती कुजबुजली, "मला मुलीसारखं गायला येत न्हाई."

"तू मोरोक्कोसारखं गा," राजनंदिनी म्हणाली आणि तिला सरळ ढकललं.

पहिली थाप पडली आणि कुजबुज थांबली. दुसरी पडली, आणि तो आवाज आला, जाड, भरदार, विहिरीच्या तळातून वर येणाऱ्या पाण्यासारखा.

"वाळू म्हणते थांब जरा गं, लाट म्हणते चल,
माझ्या गावच्या वेशीवरती दोघींची दंगल!"

'दंगल' वर हॉल उसळला. पाचवीची पोरं कांगारूला घेऊन खुर्च्यांवर चढली. मागून हंबीरराव सरांचा आवाज परत आला, मैदानातला, खराखुरा, "वाजीव पोरी!" प्रसेनजीत सर टाळीचा ठेका चुकवत होते आणि त्यांना त्याची पर्वा नव्हती. मोना पडद्याच्या कडेला उभी राहून डोळे न मिटता ऐकत होती. जोतीराम शाहीर मात्र हलले नाहीत. फक्त त्यांची बोटं मांडीवर भाचीच्या बरोबरीने चालत होती.

गाणं संपलं. मॅडमनी विंगेतून हात हलवला, आता ये. क्रांतीने तो हात बघितला, हसली, आणि डफावर पुन्हा थाप मारून पहिल्या कडव्याला सुरुवात केली. मॅडमनी दोन्ही हात हलवले. क्रांतीने सूर आणखी वर नेला.

इतकी वर्षं जिला स्टेजवर चढवता येत नव्हतं, तिला आता खाली कसं उतरवायचं, हा त्या दिवसाचा शेवटचा प्रश्न होता. आणि तो सोडवायची राजनंदिनीला मुळीच घाई नव्हती.